चौथ्या ठोक्याला थांबणारी बोटे

शहाद्यात कचेरीसमोर मी अर्ज लिहून देत असे; माझ्या टेबलाशी अनेक अर्जदार येऊन गेले. परंतु साडीच्या दुकानाचा तो जाडजूड मालक विस्मरणात जाणे अशक्य. रविवारी सायंकाळी सालसा नृत्यासाठी समाजमंदिर मिळावे, ही त्याची मागणी होती. त्या नृत्याचे संगीत समजावताना त्याची अंगठ्या घातलेली बोटे टेबलावर तीनदा वाजत आणि चौथ्या ठोक्याला अधांतरी थांबत.

मी अनुभवास अनुसरून "आरोग्यवर्धक व्यायाम" असे लिहिले.

"नाच शे, आप्पा. नाचच लिखा."

"नाच वाचताच कचेरीतले साहेब अर्ज नामंजूर करतील."

"करू द्या. बायकोना हात धरीसन नाचस मी. तेनामा लपाडानं काय शे?"

मागे उभी असलेली त्याची पत्नी म्हणाली, "आनि मन्हा पाय तुडावस, तेबी लिखा!"

मी नवा कागद घेतला आणि दोन ओळींत "नृत्य" असेच लिहिले.

अर्ज वाचून साहेबांनी मला कचेरीत बोलावले. "हे सालसा काय प्रकरण आहे?"

मी त्यांच्या टेबलावर तीन ठोके दिले आणि बोटे अधांतरी थांबवली. चौथ्याची वाट पाहून साहेब हसले; सही झाली.

ज्याला काही लपवायचे नसते, त्याचा अर्ज दोन ओळींत संपतो, हे माझे मत तेव्हापासून कायम आहे.