गेनपाचीच्या कमरेची पाटी

जुना सामुराई इसागाई गेनपाची आमच्या गावात आला तेव्हा तलवार जाऊन वर्षं झाली होती, पण चालताना डावा हात अजून म्यानावर असल्यासारखा. सम्राटाच्या फौजेपुढे त्याच्या आइझू प्रांताचा किल्ला पडला, धाकटा भाऊ तटावर मेला आणि हरलेल्या शिपायांना उत्तरेच्या ओसाड किनाऱ्यावर हाकलून दिलं. तिथे ह्याने कुत्र्याचं मांस खाऊन हिवाळा काढला. पुढे योकोहामा बंदरात एका परदेशी पाद्र्याने त्याला पेज पाजून जगवलं आणि शिपायाचा धर्मोपदेशक झाला. मालक बदलला, ताठा तोच राहिला.

तो किनाऱ्यावर उभा राहून येशूबद्दल बोलायचा. आम्ही मासे चिरता चिरता ऐकायचो, मासे संपले की उठायचो. वर्षानुवर्षं हेच. पटलं एकट्या ओतोकु म्हातारीला. तिचा मुलगा तोराकिची समुद्रात गेला, प्रेतही मिळालं नाही. उरली होती पितरांच्या कोनाड्यातली त्याच्या नावाची लाकडी पाटी. गेलेला माणूस आमच्याकडे त्या पाटीतच राहतो, म्हणून रोजचा पहिला भात तिच्यापुढे. ओतोकुने एकच विचारलं, पोरगा तिकडे भेटेल का? गेनपाची म्हणाला, नक्की भेटेल, पण पाटी पुजणं माझ्या देवाला चालत नाही, ती जाळावी लागेल. तिने ती स्वतःच्या हाताने चुलीत घातली. मला त्या माणसाचा इतका संताप आला की कितीतरी दिवस मी त्याला मासळी विकली नाही.

त्यानंतरही ओतोकु सकाळी भाताची वाटी घेऊन कोनाड्यापर्यंत जायची आणि तशीच परत यायची.

पुढच्या थंडीत गेनपाचीने छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. ओतोकु आणि मी त्याचे घामेजलेले कपडे बदलत होतो, तर कमरपट्ट्याच्या आत अंगाशी बांधलेली पाटी निघाली. धाकट्या भावाची.

ओतोकु म्हणाली, "गुरुजी, माझं पोर चुलीत गेलं. तुमचा भाऊ मात्र उबेत राहिला होय?"

गेनपाचीने पाटी तिच्यापुढे धरली. "आजी, त्याला तटावर एकदा टाकून आलोय. पुन्हा टाकवेना. घ्या, जाळा ती."

तिने जाळली नाही. त्याच दुखण्यात गेनपाची गेला. देवळाने पुरायला जागा दिली नाही, त्याच्या पंथाचं कोणी फिरकलं नाही, म्हणून आम्हीच त्याला वाळूच्या वरच्या अंगाला पुरलं. पाटी ओतोकुने आपल्या रिकाम्या कोनाड्यात ठेवली आणि तिच्यापुढे भात वाढला.

मी म्हटलं, "आता तुझ्या देवाला चालतं वाटतं?"

"तोराकिची काही भेटत नाही मला," ती म्हणाली. "सांगणाऱ्यालाच खात्री नव्हती. निदान त्याचा हा भाऊ तरी उपाशी नको."