जो चढतोय त्याचंच नाव

वाईच्या स्टँडवरून बस सुटली तेव्हा पसरणीचा घाट धुक्यात होता. तो घाट मी दर रविवारी सायकलने चढते, त्यामुळे मुंबईकर चढाच्या गप्पा मारायला लागले की माझं डोकं फिरतं. उड्डाणपुलाला चढ म्हणणारी माणसं आम्हाला घाट शिकवणार. तरी मी निघाले होते मुंबईलाच, आणि तेही फ्रान्समधल्या सायकल शर्यतीचा डोंगरातला टप्पा टीव्हीवर बघायला. फोनवरच्या आमच्या शर्यतवेड्या ग्रुपमध्ये वरळीच्या सुनीलशी मी कित्येक वर्षं भांडत होते. ‘ताई, एकदा घरी येऊन भांडा,’ असं तो म्हणाला आणि मी पेढ्यांचा डबा घेऊन निघाले.

दादरला उतरून टॅक्सीने बीडीडी चाळींपाशी पोचले. मागे नवे टॉवर, पुढे एकसारख्या दिसणाऱ्या चाळी. मी अर्थातच चुकीच्या चाळीचा दुसरा मजला गाठला. दारात लसूण सोलत बसलेल्या आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“सायकलवाला सुनील? तो समोरच्या चाळीत. इथे जिन्यावर नावं दिसली का तुला?”

“नाही.”

“मग? उतर आता.”

समोरच्या जिन्यावर नावं होती. पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर खडूने लिहिलेली, म्हणजे चढणाऱ्यालाच दिसतील अशी: मास्तर, लंबू, लंबू, मास्तर. शर्यतीच्या घाटात चाहते रस्त्यावर आवडत्या स्वाराचं नाव लिहितात. घाट नाही म्हणून यांनी जिना धरला होता आणि परदेशी नावं जिभेवर बसेनात म्हणून स्वारांना घरचीच नावं ठेवली होती. वर सुनील हसत उभा होता. पन्नाशीचा, बँकेत नोकरी, पोटऱ्या मात्र खऱ्या सायकलवाल्याच्या.

“नियम एकच, ताई,” तो म्हणाला. “जो चढतोय त्याचंच नाव. शर्यत सोडली की पुसायचं.”

खोली छोटी, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या बाजूला खुंटीला टांगलेली सायकल. सुनीलची बायको शैला आत सुकटीची चटणी परतत होती. मी मदतीला म्हणून गेले, तर तिने हळू आवाजात मलाच कामाला लावलं.

“तुमचं ऐकतील, ताई. मेल्विन आणि हे, शाळेपासूनचे दोस्त. लडाखचा घाट सायकलने चढायचा, हे दोघांचं किती वर्षांचं ठरलेलं. आता पैसे भरून झाले, रजा मंजूर झाली आणि मेल्विनचा गुडघा गेला. परळच्या डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केलाय. तर हे म्हणतात, मी पण जात नाही. मेल्विनला थाप मारलीय की रजा मिळाली नाही. उद्या सकाळी टूरवाल्यांना शेवटचं हो-नाही कळवायचंय.”

“मेल्विनला खरं वाटलं?”

“तो बोलतच नाही त्यावर काही.”

तेवढ्यात मेल्विन आला. माटुंग्याचा ईस्ट इंडियन, म्हणजे मूळ मुंबईचाच ख्रिश्चन, एका ऑफिसात हिशेब बघणारा. हातात फुगियांचा डबा (फुगिया म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले हलके गोळे). कठड्याला धरून दोन जिने चढताना त्याचा शर्ट ओला झाला होता. सुनील हात द्यायला धावला.

“हट रे सुन्या. म्हातारा समजतोस काय?”

फुगिया आणि सुकट एकत्र लागतात झकास, हे मला त्या दिवशी कळलं. टीव्हीवर शेवटचा चढ सुरू झाला तेव्हा डबा रिकामा होत आला होता. मास्तर म्हणजे संघाचा म्होरक्या. लंबू त्याचा साथीदार, पुढे राहून त्याच्यासाठी वारा कापणारा. अर्ध्या चढावर मास्तरचे पाय गेले. लंबू मात्र एकटाच पुढे होता, ताजातवाना. त्याने मागे वळून बघितलं आणि वेग कमी केला.

“थांबला,” सुनील म्हणाला. “हा खरा दोस्त.”

“येडा आहे तो,” मेल्विन म्हणाला. “जिंकत होता ना?”

“एकट्याने जिंकून काय करायचं? सराव दोघांनी केला.”

“अरे, पण मास्तर आता वर येणार आहे का? नाही येणार. मग हा कोणासाठी थांबला?”

शैलाने माझ्याकडे बघितलं. मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग.

“घाटात मी मागे पडते ना,” मी म्हटलं, “तेव्हा चढाचं काही वाटत नाही. पुढचा माझ्यासाठी थांबून वळून बघतो, त्याने पाय जड होतात. वाटतं, याचा रविवारही मीच घालवला.”

मेल्विन टीव्हीकडेच बघत होता. “ऐक जरा,” तो म्हणाला. “ताई घाटातल्या आहेत.”

टप्पा तिसऱ्याच कोणीतरी जिंकला. मास्तर आणि लंबू खूप मागून, बरोबर आले. सुनीलने टाळ्या वाजवल्या, पण एकट्यानेच. जेवण झाल्यावर मेल्विन उठला आणि टीव्हीशेजारी ठेवलेला जिन्यावर लिहायचा खडू खिशात टाकला. सुनील सोडायला निघाला तर म्हणाला, “वरच थांब. मी माझा जातो.” त्याला उतरायला फार वेळ लागला. खाली टॅक्सीचं दार वाजेपर्यंत सुनील दारातून हलला नाही. “गुडघा बघ किती वाईट झालाय,” तो शैलाला म्हणाला. मला वाटलं, झालं, माझं बोलणं वाया गेलं.

सकाळी सुनील माझी पिशवी घेऊन खाली आला. उतरताना पायऱ्यांची उभी बाजू दिसत नाही. तळाशी पोचल्यावर, पेढ्यांचा रिकामा डबा वर राहिला म्हणून मी त्याला हाक मारली आणि तो वळला.

मास्तर नव्हता, लंबू नव्हता. सगळं पुसून तळापासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर एकच नाव होतं: सुन्या. वरच्या पायऱ्यांवर अक्षर नीट होतं. खाली येता येता ते तिरकं होत गेलं होतं. त्या गुडघ्याने तो प्रत्येक पायरीला वाकला होता.

सुनील खालच्या पायरीवर बसला. मग फोन काढून टूरवाल्यांना लावला.

“हो, येतोय,” तो म्हणाला. “नाही, एकटाच.”

रविवारी मी पसरणीचा घाट चढले. अर्ध्यावर थांबून पिशवीतला खडू काढला आणि रस्त्यावर मेल्विनचं नाव लिहिलं. नियमात बसत नसेल तर येऊन भांडा म्हणावं.