साचेखात्यातले कान

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरणारा एक कारखाना होता. तिथे नवा माणूस लागला की तीन महिने कच्चा. पुढे पक्का की घरी, हे नलिनीच्या एका शब्दावर ठरायचं. नलिनी पॅकिंगच्या टेबलावरून चढत चढत सुपरवायझर झालेली, तोंडाने फटकळ. मॅनेजर चंद्रप्रकाश म्हणायचे, "नलिनीबाईंच्या चाळणीतून खडा सुटत नाही." तिला ते ऐकायला आवडायचं. आवडणारच की! लालबागच्या चाळीतल्या, गिरणीत माग चालवणाऱ्या साचेवाल्याच्या पोरीला एवढा मान एरवी कोण देतो?

गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा अनंता तिच्या हाताखाली आला. मालवणकडचा, पन्नाशीला टेकलेला, उभी हयात गिरणीत कापड विणण्यात गेलेली. ही नोकरी टिकली तर घाटकोपरची खोली राहणार, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळून गावी जायचं, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आणि पहिल्याच दिवशी नलिनीने ओळखलं. ती बोलायला लागली की हा माणूस तिच्या ओठांकडे बघायचा. तिचे वडील असेच बघायचे. गिरणीच्या साचेखात्यात मागांचा धडधडाटच असा, की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून वाचायचं. वाचता वाचता कान कधी गेले, ते माणसाला कळायचंही नाही. वडिलांशी ती घरात नुसते ओठ हलवून बोलायची, आवाज काढायचीच नाही.

कारखान्यात मात्र कुप्या भरण्याच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडाला फडकं. म्हणून अनंताला काही सांगायचं असलं की नलिनी हळूच फडकं खाली ओढायची. नियम मोडायची सरळसरळ.

"आम्हाला नियम, नि काकांना सूट काय गं?" कुप्या भरणारी शेवंती एकदा बोललीच.

"तुझे हात चालव, तोंड नको," नलिनीने तिला गप्प केलं.

अनंताचं काम छान होतं. कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून तो असं बंद करायचा की बघत राहावं. नलिनीने मनात त्याला कधीच पक्का करून टाकला होता.

मग एक दिवस पलीकडच्या टेबलावरची ज्योत विझली आणि गॅस सुटला. "गॅस!" शेवंती ओरडली. असं झालं की प्रत्येकाने आपापली ज्योत बंद करायची. सगळ्या पटापट बंद झाल्या, एकच जळत राहिली. अनंता मान खाली घालून काम करत होता. नलिनीने धावत जाऊन त्याच्या ज्योतीचा कॉक फिरवला. तो दचकला, मग ओशाळून हसला. आज ती खोलीत होती म्हणून निभावलं. उद्या नसली तर? तिथे इतक्या पोरी बसत होत्या.

तिने चंद्रप्रकाशना विचारलं, अनंताकाकांना पॅकिंगला घेता येईल का?

"पॅकिंगला आपण बायकाच घेतो. तुम्ही एवढंच सांगा, पक्का करायचा की नाही?"

कानांचं सांगावं तर वसाहतीतले सगळे मॅनेजर दुपारी एकाच टपरीवर चहाला जमायचे. संध्याकाळपर्यंत मरोळभर झालं असतं आणि त्या बिचाऱ्याला कुणी दारातही उभं केलं नसतं. नलिनी म्हणाली, "नको. हात बसत नाही त्यांचा."

आपण त्याला वाचवतोय असंच तिला वाटलं. साहेब ते वाक्य जसंच्या तसं त्याच्या तोंडावर टाकतील, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

पाळी सुटताना अनंता फाटकाशी तिची वाट बघत उभा होता. "काय चुकला माजा, बाय? हात बसत नाय म्हणालंस? ह्या हातांनी साचे चलवलंय मी!" त्याने दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले.

बाजूने पोरींचा घोळका चाललेला, शेवंती तर मुद्दाम रेंगाळलेली. मोठ्याने बोलायची सोय नव्हती. नलिनी त्याच्यासमोर नीट उभी राहिली आणि वडिलांशी बोलायची तशी, आवाज न काढता सांगायला लागली, "काका, हातांचं नाही हो..."

अनंताने डोळे मिटून घेतले. त्याला आणखी काही ऐकायचंच नव्हतं. नलिनीचे ओठ थोडा वेळ तसेच हलत राहिले. मग तो वळला आणि फाटकाबाहेर गेला.

चार दिवस ती जिवाला खात राहिली. शेवटी रविवारी घाटकोपरला त्याच्या खोलीवर गेली, तर दाराला कुलूप.

"गावाला गेले ना," शेजारची सुगंधा म्हणाली. "जाताना सगळ्यांना सांगत होते, माझे हात कामातून गेले म्हणून. खरं काय हो?"

नलिनी तिथेच उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली.