पाचात चार

हिरामणअण्णांनी तीस वर्षं द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये प्रतवारी केली. मण्याची जाडी आणि साखर, दोन्ही आकडे चढले तर माल परदेशी, नाहीतर इथल्याच बाजारात. सवय अशी हाडात मुरलेली, की कुणाकडं ताटलीत द्राक्षं आली तरी अण्णा आधी मणी बोटांत फिरवून नाक मुरडणार.

त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी प्रोस्टेटचा एमआरआय काढायला लावला. रिपोर्ट शनिवारी मिळाला, डॉक्टर सोमवारी भेटणार होते. पण दम कुणाला? अण्णा रिपोर्ट घेऊन थेट माझ्याकडं आले. मी त्यांचा शेजारी, पोस्टातून निवृत्त, आणि मला फार इंग्रजी येतं असा पंचवटीतल्या आमच्या गल्लीचा गैरसमज आहे. 'पाचपैकी चार' मी वाचलं, 'अकरा मिलिमीटरची गाठ' वाचलं, आणि पुढच्या लांबलचक शब्दांपाशी माझी दातखीळ बसली.

"पाचात चार!" अण्णा उठलेच. "मास्तर, लय भारी नंबर हाय. आन् अकरा मिलिमीटर? असला बारका मणी आमी कंटेनरात चढू देत नाय!"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर पेढे वाटून झाले. पेढा घेतला की कशाचा म्हणून विचारायचंच, आणि विचारलं की अण्णा सगळं सांगायचेच. समोरच्या धोंडीरामनं तर पेढा तोंडात असतानाच कबूल केलं, की तोही वर्षभर हाच त्रास काढतोय आणि लाजेपायी गप्प आहे. त्याच्या बायकोनं तिथंच त्याला फैलावर घेतलं.

सोमवारी अण्णा, त्यांची बायको आणि मी असे तिघं गेलो, तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं. इथं आकडा चढला की शंका वाढते. चार म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता बरीच. पण असेलच असं नाही. गाठीचा तुकडा तपासल्यावरच कळेल, आणि कॅन्सर निघाला तरी उपाय आहेत. गुरुवारी बायोप्सी ठरली.

बाहेर आल्यावर मला कुणाला तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. अण्णा बाकावर बसले आणि बायकोला म्हणाले, "कुसे, पेढे वाटले गं मी."

"मला ठाऊक व्हतं," कुसाबाई म्हणाल्या. त्यांची लेक योगिनी पुण्यात नर्स आहे. तिनं शनिवारीच फोनवर चारचा अर्थ सांगितला होता.

"मंग अडवलं का नाय?"

"महिनाभर तुमाला घास गोड लागत नव्हता. त्या दिशी पोरावानी गल्लीत हिंडत व्हता. म्हनलं, सोमवार काय चुकत नाय. दोन दिस हसू द्यावं."

अण्णा इतके खदखदून हसले की आतून नर्स दटावायला आली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते पुसलंही नाही.

"लय भ्या वाटतंय गं," ते म्हणाले.

"मलाबी," म्हणत कुसाबाईंनी चारचौघांत त्यांचा हात धरला, आणि रिक्षा मिळेपर्यंत काही सोडला नाही.