डाव्या हातानं घेतलेला करंडक

माझी मुलगी केतकी कॉलेजच्या बेसबॉल संघात पिचर आहे, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकते. हंगाम संपल्यावर कॉलेजनं उत्तम खेळाडूंचा सत्कार ठेवला, तेव्हा आम्ही नवरा-बायको पुढच्या रांगेत जाऊन बसलो. केतकीचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली आणि तिनं करंडक डाव्या हातानं घेतला. उजवा हात अंगालगत तसाच राहिला.

ती खाली येऊन आमच्या मधे बसली, तेव्हा मी हळूच विचारलं, "खांदा दुखतोय?"

"थोडा."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. सांगितलं असतं तर तुम्ही खेळू दिलं नसतं, बाबा."

"नसतंच दिलं," तिची आई म्हणाली. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं." आणि तिनं केतकीच्या मांडीवरचा करंडक उचलून स्वतःकडे घेतला.

मला राग यायला हवा होता, पण केतकीच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून तो आला नाही. टाळ्या चेंडूला मिळतात. तो टाकताना खांद्याचं काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आम्ही रोज तिच्यासोबत जेवत होतो, तरी आम्हाला कळलं नव्हतं.

पुढची नावं पुकारली जात होती. मी टाळ्या वाजवत होतो, पण नजर मुलांच्या चेहऱ्यांऐवजी हातापायांकडे जात होती. एक मुलगी कठड्याला धरून एकेक पायरी चढली आणि वर पोचताच सरळ उभी राहून हसली. खाली तिचे आईवडील कौतुकानं तिचा फोटो काढत होते.