शिवरात्रीची चाल

भाजलेल्या पापडाचा वास आला की उल्हासनगरच्या बराकीतली ती संध्याकाळ आठवते. तिथे राहणाऱ्या आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्याने महाशिवरात्रीसाठी शिवस्तोत्राला नवी चाल लावली होती. ती पहिल्याच श्रवणी सर्वांना आवडली, म्हणूनच मला संशय आला. "सिनेमातली उचललीस ना? मग देवापुढे म्हणता येणार नाही," मी बजावले. "नाही हो शास्त्रीबुवा, कुठेशी ऐकलीय खरी, पण सिनेमात नव्हे," तो चाचरत म्हणाला. माझा संशय बळावला. इतक्यात आमच्यासाठी पापड घेऊन आलेली त्याची शेजारीण, एक सिंधी वृद्धा, उंबऱ्यातच थबकली. "ये तो मेरी अम्मा की लोरी है. रोज पोते को इसी से सुलाती हूँ," असे म्हणून ती खाली बसली आणि डोळे मिटून डोलू लागली. शिवरात्रीला तीच चाल म्हटली गेली. आजही एखादी चाल चटकन आवडली की मला संशय येतोच. तेव्हा गाणाऱ्याला मी एवढेच विचारतो, तुझ्या शेजारी कोण राहते?