रेखाताईची राखण

रेखाताईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेल्या पाच किल्ल्या असायच्या. एक खोलीची, एक तिच्या पेटीची, आणि उरलेल्या तीन आमच्या पापडाच्या डब्याच्या. डब्याला कुलूप एकच होतं, पण त्याच्या तिन्ही किल्ल्या तिने स्वतःकडे ठेवून घेतल्या होत्या. अंघोळीला जातानाही तो दोरा उतरायचा नाही. न्हाणीघरातून किणकिण ऐकू आली की बाहेर रांगेतल्या पोरी ओळखायच्या, आत ताई आहे, आता अर्धा तास तरी नंबर लागत नाही.

शहाद्याला मुलींच्या वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत होतो. ताई ब्राह्मणपुरीची, एमएस्सीला, आमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मी कोरीटची आणि सुनीता धडगावच्या पुढच्या एका पाड्यावरची, दोघी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्याच दिवशी मी माझी लॅपटॉपची बॅग खाटेवर टाकली, तशी ताई कपाळाला हात लावून म्हणाली, "काय वं, चोरले आवतन दी ऱ्हायनी का?"

तिने तो लॅपटॉप बाहेर काढला, दाभण मेणबत्तीवर लाल केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या पाठीवर माझं नाव आणि मोबाईल नंबर डागला. प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. मी रडकुंडीला आले होते, कारण तो माझ्या मोठ्या भावाचा लॅपटॉप. सुरतेहून सुट्टीवर आला तेव्हा त्याने तो मला दिला होता आणि स्वतः मोबाईलवर काम भागवत होता. ताईने मग बॅगेत जुनी वर्तमानपत्रं कोंबली, ती बॅग खिळ्याला सगळ्यांना दिसेल अशी लटकवली आणि लॅपटॉप फडक्यात गुंडाळून पापडाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात तळाशी ठेवला. वर पापड, त्यावर कुरडया. "चोर बॅग ली जाई, पापड नई ली जावाव," ती म्हणाली. वर्षभर माझ्या लॅपटॉपला उडदाच्या पापडाचा वास होता. प्रोजेक्ट लिहिताना भूक लागायची.

वसतिगृहात भीती खरी होती, हे कबूल केलं पाहिजे. खोलीत प्लग एकच, तो तिघींच्या वाटणीचा. त्यामुळे पोरी गॅलरीतल्या बोर्डावर मोबाईल लावून वर्गाला निघून जायच्या, आणि वर्षातून दोन-तीन मोबाईल पाय फुटल्यासारखे जायचे. यावर ताईने स्वतःचा एक उपाय काढला होता. कोणी मोबाईल बेवारस सोडला की ती तो गुपचूप उचलून लपवायची. पोरगी शोधशोध शोधायची, रडायची, घरी सांगायच्या विचाराने पांढरी पडायची. जेवणाच्या ताटावर ताई ओढणीआडून मोबाईल काढून तिच्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "मी लिधा ते तुले समजनं बी नई. आते जल्मभर ध्यानमा ऱ्हाई." पोरी आधी चिडायच्या आणि मग तिच्याच गळ्यात पडायच्या. रेक्टर मॅडम तर उघड म्हणायच्या की रेखा आहे म्हणून मी निवांत झोपते.

ती नुसती कुलूपवाली बाई नव्हती. मला ताप आला तेव्हा मेसच्या बाईंशी भांडून तिने माझ्यासाठी मऊ खिचडी करून आणली होती. सुनीताला केमिस्ट्री जड जायची, तर रोज पहाटे तिला उठवून ताई समीकरणं घोटून घ्यायची. सुनीता आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीला कुलूप नव्हतं, सुतळी बांधलेली होती. इतर पोरी हसल्या. ताईने स्वतःचं जुनं पितळी कुलूप काढून तिच्या पेटीला लावलं. "पेटीले कुलूप नई म्हंजे पेटीले मालक नई," ती म्हणाली. सुनीता घरी पावरी बोलायची आणि आमच्याशी शाळेतलं मराठी, अगदी पुस्तकातून उचलल्यासारखं. ती ताईला म्हणाली, "मी हे कुलूप जपेन." आम्ही दोघी त्या वाक्यावरून किती तरी दिवस तिला चिडवत होतो.

होळीच्या आधीचा आठवडा होता. सुनीताला भोंगऱ्या बाजारासाठी, होळीआधीच्या त्यांच्या जत्रेसाठी, गावी जायचं होतं. सातपुड्यातल्या पोरींना दिवाळीला थांब म्हटलं तर थांबतील, भोंगऱ्याला थांबणार नाहीत. त्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप चार्जिंगला लावून खाटेवर तसाच उघडा टाकला आणि उशीर झाला म्हणून वर्गाला पळाले. दुपारी परत आले तर खाट रिकामी. मला काहीच वाटलं नाही. ताईने डब्यात ठेवला असेल, हे तर रोजचंच होतं. मी सुनीताची पिशवी भरून दिली. दोन ड्रेस, धाकट्या बहिणीसाठी बांगड्या, एक वही. एवढंच. कापडी पिशवी होती, तिच्यात लॅपटॉप काय, पाटीसुद्धा मावली नसती. मी स्वतः तिला धडगावच्या गाडीत बसवून आले.

संध्याकाळी मी ताईकडून किल्ली घेऊन डबा उघडला, तर तळाशी नुसतं फडकं. मी ओरडलेच. ताई खाटेवर बसून हसत होती. मग माझ्या लक्षात आलं की आज धडा शिकायची पाळी माझी आहे. "ताई, पुरे व्हयनं, दी टाक ना," मी म्हणाले. "थोडी रडी तं ले," असं म्हणत ती उठली आणि गॅलरीत गेली.

ती परत आली तेव्हा हसत नव्हती. तिच्या ड्रेसची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. मला वाटलं, तोंड धुऊन आली असेल. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मी थट्टा करी ऱ्हायनती वं. मी नई लपाडा. मन्ही मायनी आन."

मी विश्वास ठेवला. का ठेवला नसता? त्या इमारतीत विश्वास ठेवायची सवय आम्हाला तिनेच तर लावली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. काल कोण कोण गावी गेलं, हे रजिस्टरमध्ये पाहिलं. आमच्या खोलीतून फक्त सुनीता गेली होती. मॅडमनी विचारलं, तिला वस्तू कुठे ठेवता ते ठाऊक होतं का? ताई खाली बघत म्हणाली, "तिला सगळं माहीत होतं, मॅडम." आवाज हळू होता, पण वाक्य पूर्ण होतं. मग सुनीताची पेटी उघडायचं ठरलं. कुलूप तोडावं लागलं नाही. ते पितळी कुलूप देताना दुसरी किल्ली ताईने स्वतःच्या पेटीत ठेवून घेतली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिने स्वतःच्या हाताने सुनीताचे कपडे, पुस्तकं, आईने दिलेली चांदीची साखळी, सगळं एकेक काढून जमिनीवर मांडलं. पेटीत काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे गावी नेला, असं मॅडम म्हणाल्या.

पिशवी मी भरली होती. तिच्यात लॅपटॉप नव्हता, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी ताईला तसं म्हणाले. ती म्हणाली, "गाडीमा बसाना पयले तिनी कोठे ठी दिधा व्हई, तुले काय माहीत?" आणि मी तक्रारीच्या कागदावर सही केली. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मी तिचं खरं मानलं.

सुनीता होळी करून आली ती खुशीत. केसांत नवा फुलांचा चिमटा आणि आमच्यासाठी डाळ्या-गुळाचा पुडा. पेटी जमिनीवर उघडी पडलेली पाहून ती दारातच थांबली. वसतिगृहातलं नाव कापल्याचा कागद मॅडमनी तिच्या हातात दिला. पाड्यावरून शहाद्याला रोज येणं शक्यच नव्हतं, म्हणजे वसतिगृह गेलं की कॉलेज गेलं. ती रडली नाही, भांडली नाही. पेटी भरली, पितळी कुलूप काढून ताईच्या खाटेवर ठेवलं आणि पुन्हा सुतळी बांधली. ताई तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दुपारचे बारा वाजले होते, आणि ताई दुपारी कधी झोपत नसे.

पावसाळ्यात मला नंदुरबारहून एका दुरुस्तीवाल्याचा फोन आला. "बहीन, तुन्हा लॅपटॉप चार महिनापशी पडेल शे. दुरुस्त व्हवाव नई. ली जा, माले जागा नई." मी विचारलं, माझा नंबर कोणी दिला? तो म्हणाला, पाठीवरच डागेल शे. मी पहिल्या गाडीने गेले. टेबलावर माझाच लॅपटॉप होता. स्क्रीनच्या आत पाण्याचे पिवळे डाग होते. "एक पोर दी गयी व्हती," तो म्हणाला. "कूलरमा पडना म्हने. मी म्हंतं, कूलरमा लॅपटॉप कसा पडस?"

मला मात्र तिथेच उभ्या उभ्या सगळं उमगलं. आमच्या गॅलरीतला कूलर थंडीभर ताडपत्री घालून ठेवलेला असायचा. पापडाचा डबा मला माहीत होता, म्हणून त्या सकाळी ताईने धडा शिकवायला नवी जागा शोधली होती, कूलरची कोरडी टाकी. आमच्याकडे होळीच्या आधीच ऊन तापतं. त्याच दुपारी शिपायाने ताडपत्री काढली, नळी लावली आणि टाकी भरून टाकली. संध्याकाळी ताईने हात घातला तो पाण्यात.

मी ब्राह्मणपुरीला गेले. ताई परीक्षा संपवून घरी आली होती, ओट्यावर बसून गवार मोडत होती. मला आणि माझ्या हातातल्या पिशवीला बघून तिने समोरचं सूप बाजूला सारलं. मी काही विचारायच्या आधीच ती बोलायला लागली. "मी सांगनार व्हती वं. रोज सकायले ठरावू, आज सांगसू. पन बठ्या पोरीस्ना मन्हावर इस्वास व्हता. तो गया असता तं मी तोंड कसं दखाडती?"

"आनि सुनीता?" मी विचारलं.

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "ती तं तशीबी सोडी देती. तठल्या पोरी कोठे टिकतीस?"

पहाटे उठवून समीकरणं घोटून घेणारी हीच बाई. मला वाटलं होतं मी भांडेन, ओरडेन. मी फक्त पिशवी तिच्यासमोर ओट्यावर ठेवली. चोरी झाली असती तर मी विसरले असते, वस्तू जातात. पण हिने जगभराच्या चोरांपासून आम्हाला जपलं आणि स्वतःचं नाव जपायची वेळ आली तेव्हा आमच्यातलीच एक पोरगी उचलून दिली. माझ्याकडून सही घेऊन दिली, याचा राग मला आजही जास्त आहे. मी म्हणाले, माझ्याबरोबर मॅडमकडे चल, मग सुनीताकडे. तिने सोमवारी येते म्हणून शब्द दिला. सोमवारी शहाद्याच्या स्टँडवर मी चार गाड्या जाऊ दिल्या. तिचा मोबाईल बंद होता. त्यानंतर मी तिला कधी भेटले नाही. ती चांगल्या घरी पडली आहे आणि पोरांच्या शाळेत शिकवते, असं ऐकते. शिस्तीची आहे म्हणे.

मॅडमना मी एकटीने सगळं लिहून दिलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या वर्षी त्या मुलीला परत घेऊ म्हणाल्या. तो निरोप घेऊन मी सुनीताच्या पाड्यावर गेले. धडगावपासून जीप आणि पुढे तासभर चाल. ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली होती. तिने मला खाटेवर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "रेखाताई स्वतः का आली नाही?" एवढंच तिने विचारलं. कॉलेजचं ती काहीच बोलली नाही. मी माफी मागितली, तर म्हणाली, "चहा थंड होईल."

चहानंतर मी हात-पाय धुवायला झोपडीमागच्या हंड्याकडे गेले. परत आले तर सुनीता, तिची आई आणि धाकटी बहीण, तिघी भर उन्हात अंगणात उभ्या होत्या. घरात कोणी नव्हतं, दार सताड उघडं होतं.

"तुझा मोबाईल आत खाटेवर राहिला आहे," सुनीता म्हणाली. "म्हणून आम्ही बाहेर आलो."